गुरुजींच्या पाठीशी समाज उभा राहील काय?

तथागतांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेला उपदेश दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आलेला आहे. पूर्व दिशा म्हणजे मातापिता आणि दक्षिण दिशा म्हणजे आचार्य, अशी सहा दिशांची नवी ओळख त्यांनी त्याला करून दिली. शिष्याने आचार्यांचा आदर करावा व मन लावून शिकावे, आचार्यांनीही हातचे न राखता शिकवावे, असे दोघांचेही कर्तव्य तेथे सांगितले आहे. आज आपल्या वस्तीतील जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी आणि बाई हीच आपल्या मुलांची दक्षिण दिशा होय. या दिशेकडे समाज म्हणून आपले लक्ष आहे काय?

शिक्षकाची बाजू मांडणे ही आपल्या महापुरुषांची परंपरा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, तो कष्टकरी वर्गातून यावा आणि त्याचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, अशी मागणी होती. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना दाखवून दिले, की सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारी करातून मात्र दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. नुसती भावना नव्हे, तर हिशेब पुढे ठेवून मागणी करावी, हा या दोन्ही उदाहरणांचा धडा आहे.

समाज पाठीशी नसेल तर काय होते, याचे उदाहरण नागपूरचेच आहे. जाईबाई चौधरी या हमाली करणाऱ्या महिला. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. परंतु अस्पृश्य बाई शिकविते म्हणून सवर्णांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि त्यांची नोकरी गेली. त्या खचल्या नाहीत. पुढे १९२२ च्या सुमारास त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. ज्या समाजाने असे शिक्षक घडविले, त्याने आजच्या शिक्षकाला एकटे पाडावे, हे शोभणारे नाही.

आपले खापरखेडा औष्णिक वीज केंद्रामुळे ओळखले जाते. १३४० मेगावॅटचे हे केंद्र आणि भोवतालच्या कोळसा खाणी यांच्या आधाराने अनेक कुटुंबे स्थिरावली. ज्यांना कायम पगार मिळू लागला, त्यांची मुले बहुधा इंग्रजी माध्यमात गेली. त्यात वावगे काही नाही. परंतु त्याबरोबर अर्ज लिहिणारा आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारणारा पालकही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून गेला. मागे उरली ती कंत्राटी कामगारांची व रोजमजुरांची मुले. गुरुजी सेवाशिस्तीच्या नियमांनी बांधलेले असतात. वर्गखोली गळते, जागा रिक्त आहे, हे त्यांना उघडपणे बोलता येत नाही. म्हणून जेथे गुरुजींना बोलता येत नाही, तेथे आपण बोलले पाहिजे.

त्यासाठी कायद्याचा आधार आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील चार गोष्टी प्रत्येक सभासदाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या महिला असतात. वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना त्यात योग्य प्रमाणात स्थान द्यावे लागते. दुसरी, कलम २६ नुसार रिक्त जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक राहू नयेत. तिसरी, कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. चौथी, कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केल्यास तीन महिन्यांच्या आत निर्णय अपेक्षित आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे? समितीच्या निवडीच्या दिवशी पालकांनी मजुरी अर्धा दिवस बुडवूनही हजर राहावे. पद रिक्त असेल तर समितीचा ठराव करून तो सावनेर पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना व जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले हवेत जाते. पोच असलेला कागद फाईलमध्ये राहतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करावा लागतो व शिक्षण हा त्यातील मान्य विषय आहे. शाळेची गरज मोजमापासह लिहून तशी मागणी करता येईल.

गुरुजींचा बराच वेळ कागदपत्रांत जातो. मुलाच्या नावाचे स्पेलिंग दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे, असा घोळ असला की शिष्यवृत्ती अडते. आधार न जुळलेला विद्यार्थी संचमान्यतेच्या वेळी अडचणीचा ठरतो, आणि पटसंख्येवर तर शिक्षकाचे पद अवलंबून असते. आम्हां बँक कर्मचाऱ्यांना हे काम रोजचे आहे. जून महिन्यात विहारात एक दिवस बसून खाती उघडण्याचे व नावे जुळविण्याचे फॉर्म भरून दिले, तर सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीची एकही मुलगी वंचित राहू नये आणि गुरुजींचे कित्येक तास वर्गाला मिळावेत.

पाठीशी उभे राहणे म्हणजे चुकांवर पांघरूण घालणे नव्हे. नियमित व वेळेवर येणे हे कलम २४ प्रमाणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २८ ने खासगी शिकवणीलाही मनाई केली आहे. कसूर होत असेल तर समितीत समोरासमोर, आदराने विचारावे. चौकात बदनामी केल्याने शाळा सुधारत नाही, पट मात्र घटतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचाही यात वाटा आहे. शेजारच्या कामठीत बाबू हरदासांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालविली. तुम्ही महाविद्यालयात जाता. आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीतील मुलांचे वाचन व पाढे घेतलेत, तर दुसऱ्या दिवशी गुरुजींना वर्ग पुढे नेणे सोपे जाईल.

५ सप्टेंबरला हार घालणे सोपे आहे. उरलेल्या वर्षात किती ठराव झाले, किती जागा भरल्या, किती मुले शाळेत टिकली, याचा जमाखर्च आपल्या संस्थेने दरवर्षी १४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी विहारात वाचून दाखवावा. बाबासाहेबांच्या अनुयायांनी शिक्षकाचा करावयाचा सन्मान तो हाच.

जयभीम! नमो बुद्धाय!