ठिगळाचं दशक

गेल्या महिन्यात अंबरनाथच्या माझ्या नर्सिंग होमची पाटी उतरवली. ऑपरेशन टेबल भंगारवाल्याने किलोवर नेलं.

पहिली दहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. सिझेरियन, अपेंडिक्स, फुटलेला अल्सर. आणि वर्षा-दोन वर्षांनी तोच पेशंट जुन्या टाक्यांपाशी हर्नियाचा गोळा घेऊन हजर. "खोकलं की फुगतं, डॉक्टर." आम्ही कडा ओढून एकमेकींवर चढवायचो आणि जाड धाग्याने शिवायचो. वर पट्टा, आणि ओझं उचलू नका, धक्के खाऊ नका. हे बदलापूर लोकलला लोंबकळणाऱ्याला सांगायचं!

खरं दशक 1995 ते 2005. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यातला एक कारागीर आला, दोनदा शिवलेलं पोट पुन्हा उसवलेलं. मी कागदावर चित्र काढलं. तो म्हणाला, "ताणून शिवलंत तर उसवणारच. आतून ठिगळ लावा." ह्यूस्टनचे सर्जन फ्रान्सिस अशर 1958 पासून हेच सांगत होते, पण त्या ठिगळासाठी लागणारी पॉलिप्रॉपिलीनची जाळी आमच्याकडे परवडत कुणाला होती? 2000 साली डच सर्जनांनी आकडेच मांडले: तीन वर्षांत नुसत्या टाक्यांचे 43 टक्के हर्निया परतले, जाळीचे 24.

दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर तर मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरत होते. एका परिषदेत हा विषय काढला, तर शेजारचे बडे सर हसले. 2016 साली युगांडातल्या 302 पुरुषांच्या जांघेच्या हर्नियावर तसलीच स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. सर तोवर निवृत्त झाले होते. हसू मी विसरलो नाही.

आता दुर्बीण आहे, रोबो आहे, आतड्याला चिकटू नये म्हणून अस्तर लावलेली जाळी आहे. पॅकेज ठरवताना नातेवाईक जाळीची कंपनी विचारतात. पण पहिल्या ऑपरेशनच्या शेवटी पोट बंद कोण करणार, हे कुणी विचारत नाही. ते काम टीममधल्या सगळ्यांत दमलेल्या पोराकडे. 2015 चा डच अभ्यास सांगतो, पाच-पाच मिलिमीटरवर बारीक टाके घातले तर वर्षभरातलं हर्नियाचं प्रमाण 21 टक्क्यांवरून 13 वर येतं. वेळ? चार मिनिटं जास्त.

त्या कारागिराचं पोट पहिल्यांदा मीच शिवलं होतं. बाहेर आणखी दोन पेशंट थांबले होते. चार मिनिटं माझ्याकडेही नव्हती.