पाहुण्या जिवांचे खाणे आणि पिंजरा

आपल्या बेळगाव-निपाणी भागात घरात जनावर असणे नवे नाही. गोठ्यात म्हैस, दारात कुत्रे, माळ्यावर मांजर आणि सोप्यात टांगलेल्या पिंजऱ्यात राघू, हे चित्र जुन्या घरांत सगळ्यांनी पाहिले आहे. गेल्या काही वर्षांत मात्र घरे बदलली. फ्लॅटमध्ये म्हैस मावत नाही आणि कुत्र्याला सोसायटीतले लोक नाक मुरडतात. मग मुलांच्या हट्टाखातर रंगीत पक्ष्यांची जोडी, पांढरा ससा, गिनीपिग, हॅमस्टर किंवा काचेच्या भांड्यातले इवलेसे कासव घरी येते. विकणारा एक पिशवी दाणे देतो, 'काही त्रास नाही' म्हणतो आणि काम संपते. असे जीव पुष्कळदा वर्षभरही टिकत नाहीत. त्यामागे बहुतेक वेळा चुकीचे खाणे आणि चुकीची जागा ही दोनच कारणे असतात. दोन्ही टाळता येतात, म्हणून ही माहिती आम्ही एकत्र मांडत आहोत.

पाहुणा कुठला, हे आधी कळू द्या

आपण ज्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतो तो हिरवा, पिवळा किंवा निळा छोटा पक्षी खरे म्हणजे बजरीगर. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातला. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगाने थोडे जाड आणि चोचीने दणकट. डोक्यावर तुरा असलेला कॉकटेल हाही ऑस्ट्रेलियाचाच. गिनीपिग दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या थंड प्रदेशातला आणि पाळीव ससा युरोपातल्या रानसशाचा वंशज. सोनेरी हॅमस्टर सीरियातला. १९३० साली अलेप्पो शहराजवळच्या शेतात एका बिळातून मादी आणि तिची पिल्ले काढण्यात आली. जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर मुख्यतः त्याच कुटुंबाचे वारस आहेत.

मूळ गाव कळले की गरज कळते. बजरीगर कोरड्या हवेतला, म्हणून बेळगावचा जून ते सप्टेंबरचा ओलावा त्याला बाधतो. गिनीपिग आणि ससा थंडीतले, म्हणून एप्रिल-मेमधल्या पत्र्याच्या शेडखाली त्यांचा जीव जातो. हॅमस्टर बिळात राहणारा आणि रात्री जागणारा, म्हणून भर दुपारी मुलांनी त्याला उठवून खेळवले की तो चावतो.

पक्ष्यांचे खाणे

बजरीगरला राळे, वरई आणि बाजरी असे बारीक दाणे लागतात. राळे आपल्याकडच्या बाजारात मिळतात. कन्नड दुकानदाराला 'नवणे' म्हटले की लगेच कळते. पण नुसत्या दाण्यांवर पक्षी नीट राहत नाही. रोज थोडी कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर किंवा मक्याचे कोवळे दाणे द्यावेत. पाला आधी दोन-तीन पाण्यांत धुवावा, कारण भाजीवर फवारणी झालेली असते आणि पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला तेवढा अंशही पुरतो. चुन्यासाठी पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा अडकवावा. चोच घासायलाही तो उपयोगी पडतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. बजरीगर दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. त्यामुळे वाटी भरलेली दिसते, पण आत नुसती फोलपटे असतात. 'वाटी भरली होती, तरी पक्षी कसा मेला?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. रोज सकाळी वाटीवर फुंकर घालून फोलपटे उडवावीत आणि खाली किती दाणे उरलेत ते पाहावे.

दूध-पाव, चहात बुडवलेले बिस्कीट, फरसाण आणि मीठ घातलेला भात पक्ष्यांना देऊ नये. दूध त्यांना पचत नाही आणि मीठ त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. चॉकलेट, कांदा, लसूण आणि आता बाजारात दिसू लागलेले अव्होकाडो हे त्यांना विषासारखे आहे. शेंगदाणे आणि मका पावसाळ्यात विशेष जपून द्यावेत. ओल लागलेल्या शेंगांवर धरणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृत नासवते. दाणे महिन्यापुरतेच आणावेत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, ऊन पडेल त्या दिवशी सुपात पसरून वाळवावेत. कुबट वास आला तर फेकून द्यावेत.

ससा, गिनीपिग आणि हॅमस्टर

चित्रात ससा नेहमी गाजर खाताना दिसतो, म्हणून घरोघरी त्याला गाजरच मिळते. खरे तर गाजर गोड असते आणि ते खाऊ म्हणून एखादा तुकडा द्यावे. सशाचे मुख्य अन्न गवत. त्याचे आणि गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. गवतातल्या चोथ्यानेच आतडे चालते राहते. म्हणून वाळलेले गवत दिवसभर समोर असावे आणि जोडीला ताजी हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला द्यावा. गुरांसाठी लावलेला लसूणघास वाढत्या पिल्लांना चालतो. मोठ्या सशाला तो रोज दिला तर चुना जास्त होऊन लघवीचा त्रास होतो. ज्वारीचा कोवळा हिरवा पाला गुरांना जसा घालत नाहीत, तसाच यांनाही घालू नये. कण्हेर, धोतरा आणि घाणेरी यांची पाने गवतात चुकूनही येऊ देऊ नयेत. भाकरी, पाव, बिस्कीट यांनी पोट फुगते.

गिनीपिगची एक खास अडचण आहे. माणसासारखेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज बाहेरून मिळाले नाही तर काही आठवड्यांत सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते आणि तो हलेनासा होतो. आपल्याकडे यावर औषध विकत आणण्याची गरज नाही. पेरूची फोड, ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर आणि हंगामात आवळ्याची पातळ चकती रोज आलटून पालटून दिली की पुरे. सशाचे दाणे गिनीपिगला घालून भागत नाही, कारण त्यांत हे जीवनसत्त्व घातलेले नसते.

हॅमस्टरला मिश्र धान्य, थोडी भाजी आणि आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा कण पुरतो. तो अन्न गालात भरून बिळात साठवतो. त्यामुळे ओली भाजी लपवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी ती शोधून काढावी. सोनेरी हॅमस्टर नेहमी एकटाच ठेवावा. दोन ठेवले तर ते एकमेकांना मारतात.

पिंजरा कुठे आणि कसा

पक्षी आडवा उडतो, म्हणून पिंजरा उंचीपेक्षा लांबीला जास्त हवा. बजरीगरच्या जोडीला निदान अडीच ते तीन फूट लांबीचा पिंजरा असावा आणि गजांतले अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नसावे. बसायला गुळगुळीत प्लास्टिकच्या दांडीऐवजी पेरूची किंवा कडुलिंबाची फांदी लावावी. कमी-जास्त जाडीच्या फांदीवर पायांना व्यायाम होतो. नवी जस्ताची जाळी वापरायची असेल तर आधी व्हिनेगरने घासून, धुऊन उन्हात वाळवावी, कारण पक्षी जाळी चावतात आणि जस्त पोटात जाते.

ससा किंवा गिनीपिग यांना चार फूट बाय दोन फूट ही कमीत कमी जागा समजावी आणि सशाला रोज दोन-तीन तास बाहेर पळू द्यावे. त्यांच्या पायाखाली नुसती जाळी असू नये. तळव्यांना जखमा होतात आणि त्या लवकर बऱ्या होत नाहीत. वर्तमानपत्र आणि त्यावर वाळलेल्या गवताचा थर हे स्वस्त आणि चांगले अंथरूण. सुतारकामाचा बारीक भुसा टाळावा. त्याने श्वास कोंडतो आणि त्यात प्लायवूडचा गोंद असू शकतो.

कौलारू घरात आणि परसात मांजर, उंदीर, घूस, मुंगूस आणि साप हे सगळे येतात. पिंजरा आढ्याला टांगला म्हणून सुरक्षित होत नाही. साप वासे धरून उतरतो आणि उंदीर झोपलेल्या पक्ष्याचे पाय कुरतडतो. बाहेर ठेवायचे असेल तर अर्ध्या इंचाची जाळी, घट्ट कडी आणि खाली फरशी हवी. रात्री आत घेणे सर्वांत चांगले.

उन्हाळ्यात सशाच्या पिंजऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवावी. तो तिला टेकून बसतो. ससा धापा टाकू लागला किंवा आडवा पडला तर कान पाण्याने ओले करून लगेच सावलीत न्यावे. पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूने जुने सुती लुगडे टाकावे, पण हवा कोंडू देऊ नये. वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणेश विसर्जन आणि दिवाळी या दिवशी पिंजरे रस्त्यापासून दूरच्या खोलीत न्यावेत. मोठ्या आवाजाने ससा धडक मारून पाठीचा कणा मोडून घेऊ शकतो.

धूर, तवा आणि तंबाखू

पक्ष्याची श्वसनसंस्था आपल्याहून फार तीव्र असते. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे हवेतले काहीही त्याच्या रक्तात झपाट्याने पोचते. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला १९८०च्या दशकापर्यंत कॅनरी पक्षी नेत असत, ते याच कारणाने. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. नॉनस्टिक तवा रिकामा तापून जळला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. माणसाला मात्र त्या वेळी फारसे काही जाणवत नाही. मच्छरअगरबत्ती, धूप आणि फवारणीचे औषध यांचाही धोका आहे.

निपाणी भागातल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपल्याकडे तंबाखू शेतात असते, वखारीत असते आणि विडी वळणाऱ्या घरात सुपातही असते. निकोटीन हे पक्ष्यांना आणि सशांना तीव्र विष आहे. ज्या खोलीत विड्या वळल्या जातात किंवा तंबाखूची चुरी उडते, तिथे पिंजरा ठेवू नये. तंबाखू हाताळलेल्या हातांनी दाणा घालू नये, आधी साबणाने हात धुवावेत. सशाला मोकळे सोडले असेल तर वाळत घातलेल्या पानांपासून दूर ठेवावे.

कासव, राघू आणि कायदा

कानामागे लाल पट्टा असलेले नाण्याएवढे कासव मूळचे अमेरिकेचे. ते तसेच लहान राहत नाही. ताटाएवढे होते आणि तीस वर्षेही जगते. त्याला पोहायला खोल पाणी, वर चढून बसायला कोरडी जागा आणि ऊन लागते. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. लहान मुले आजारी पडू लागल्यामुळे अमेरिकेने १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हात लावल्यावर साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांना लांब ठेवावे. कंटाळा आला म्हणून ते वेदगंगेत, दूधगंगेत, घटप्रभेत किंवा गावतळ्यात सोडू नये. ते आपल्या देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

राघूचे बोलायचे तर मन थोडे घट्ट करावे लागते. आजोबांच्या काळापासून घरात राघू असला, तरी आपल्या रानातले सगळे देशी पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांना पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. पाठीवर चांदण्या असलेल्या तारा कासवाचेही तसेच. घरी असा राघू असेल तर त्याला एकदम उडवून देऊ नये. हातावर वाढलेला पक्षी बाहेर दोन दिवसही टिकणे कठीण. जवळच्या वन खात्याच्या कार्यालयाशी बोलून तो सोपवावा. सन कोन्युअर, मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारख्या परदेशी पोपटांची २०२४च्या नियमांनुसार परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. बजरीगर आणि कॉकटेल यांना ती लागत नाही. घेताना पावती मागावी.

आजार ओळखताना

हे सगळे जीव दुसऱ्याचे भक्ष्य असल्यामुळे आजार लपवतात. पिसे फुगवून तळाशी बसलेला पक्षी किंवा श्वासासोबत शेपूट हलवणारा पक्षी फार आजारी आहे असे समजावे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे. बजरीगरचे तीन-चार ग्रॅम घटले म्हणजे दहावा हिस्सा गेला. ससा बारा तास खात नसेल आणि लेंड्या टाकत नसेल तर सकाळची वाट पाहू नये.

गुरांचे डॉक्टर अनुभवी असतात, पण ते रोज गाई-म्हशी पाहतात. त्यांच्याकडे जाताना दोन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात. ससा आणि गिनीपिग यांना तोंडावाटे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिले तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून जीव जाऊ शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचे फिप्रोनिल सशाला घातक आहे. उरलेले औषध घरच्या घरी तर कधीच देऊ नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. सौंदत्तीला, जोतिबाला किंवा लग्नाला दोन दिवस घर बंद होणारच. लहान पक्षी एक दिवसही उपाशी नीट राहत नाही. शेजारच्या काकूंना किल्ली देताना फोलपटे फुंकायची कशी, पाणी कुठले आणि काय द्यायचे नाही, हे एका कागदावर लिहून पिंजऱ्याला बांधावे. असा कागद लिहिता येण्याइतकी माहिती झाली, की मगच मुलांना दुकानात घेऊन जावे.