आग्रह आणि अपथ्य

पाहुण्याला दोनदा ‘नको’ म्हणू द्यावे आणि तिसऱ्यांदा वाढावेच, ही आमच्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांतील रीत. सासूबाईंच्या हाताखाली मीही तशीच तयार झाले. या आग्रही स्वभावाने गेल्या आषाढी एकादशीला आमच्यावर जो प्रसंग आणला, तो सांगितलाच पाहिजे.

पाच वर्षांची नात पुण्याहून आली होती. “आई, हिला दाण्याचे कूट मुळीच चालत नाही हं,” असे सूनबाईने आल्याआल्याच बजावले. मी ‘बरं’ म्हटले. मनात मात्र म्हटले, ही सारी हल्लीची थेरे! कुटावाचून का कधी उपास झाला आहे? तरी तिच्यासाठी बटाट्याचा कीस निराळा केला. पण उलथने घेतले ते खिचडीचेच.

दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. पित्त समजून मी आमसुले शोधू लागले, तोच तिचा आवाज बसला व श्वास लागला. सूनबाईने तत्काळ इस्पितळ गाठले. तेथे मांडीत ॲड्रिनॅलिनची सुई दिली, तेव्हा श्वास मोकळा झाला. लक्षणे काही तासांनी उलटू शकतात, म्हणून रात्रभर ठेवून घेतले.

डॉक्टरांनी मला शांतपणे समजावले. हे पित्त नव्हे. दाण्यातील प्रथिनांना शरीराची रक्षणव्यवस्था शत्रू समजते, ती ही ॲलर्जी. व्हिएन्नाचे बालवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी हा शब्द १९०६ मध्ये योजला. दाणे भाजल्याने दोष जात नाही. खाजेची गोळी श्वास वाचवीत नाही. तेथे ॲड्रिनॅलिन हेच पहिले औषध. ‘थोडे थोडे देऊन सवय लावू’ हा घरगुती प्रयोग तर जिवावर बेतू शकतो.

लंडनमध्ये ६४० तान्ह्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना धोका अधिक, अशा बाळांना पहिल्या वर्षापासूनच दाण्याचे पदार्थ नेमाने दिले, तर पाचव्या वर्षी ही ॲलर्जी पुष्कळच कमी आढळली. पण तो उपाय ॲलर्जी जडण्यापूर्वीचा, आणि तोही डॉक्टरांना विचारूनच.

आपल्याकडे २०२० च्या नियमांप्रमाणे बंद पाकिटांवर शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, सोयाबीन इत्यादींचा उल्लेख करावा लागतो. ती बारीक अक्षरे मी आता चष्मा लावून वाचते. सराफ्यातल्या खिचडीवर मात्र अशी चिठ्ठी नसते. तेथे टाळलेलेच बरे.

नातीची कढई, उलथने, ताट आता निराळे आहे. किसात कुटाऐवजी ओला नारळ पडतो, आणि तो सर्वांनाच आवडू लागला आहे. दिवाळीत ती पुन्हा आली. शेजारणीने दिलेली चिक्की पुढे येताच म्हणाली, “आजी, मला नको.”

मी दुसऱ्यांदा विचारले नाही.