मोहीम फसली, पसंती वाढली
(लेखांक नववा)

महागाई आणि राष्ट्राध्यक्षांची पसंती यांचं नातं या आठवड्यात उलगडायचं ठरलं होतं. ते पुढच्या शनिवारी. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की तो बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. बाई लिहितात, ‘केनेडींना ८३ टक्के पसंती मिळाल्याचं तुम्ही ओझरतं सांगितलंत. पण तो आकडा बे ऑफ पिग्जनंतरचा ना? एवढी नामुष्की झाल्यावर लोकांनी त्यांची पाठ थोपटली कशी?’

हा या विषयातला माझा सर्वात आवडता प्रश्न आहे, म्हणून आजचा सगळा लेखांक त्यालाच देतो.

आधी घटना. १७ एप्रिल १९६१च्या पहाटे क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावर, बे ऑफ पिग्ज इथे, चौदाशेच्या आसपास माणसं उतरली. कॅस्ट्रो सत्तेवर आल्यावर देश सोडलेले हे क्यूबनच होते. कॅस्ट्रोंना उलथवण्यासाठी त्यांना ग्वाटेमालात लढाईचं शिक्षण दिलं होतं सीआयएने. तीन दिवसांत सगळा खेळ आटोपला. शंभराहून अधिक मारले गेले, अकराशेहून अधिक पकडले गेले. सत्तेवर येऊन तीन महिनेही न झालेल्या राष्ट्राध्यक्षाची जगभर शोभा झाली. मोहिमेपूर्वी गॅलप या संस्थेने घेतलेल्या जनमत चाचणीत ७८ टक्के लोकांना केनेडींचं काम पसंत होतं. मोहीम फसल्यावर, एप्रिलच्या अखेरीस सुरू झालेल्या चाचणीत ते प्रमाण ८३वर गेलं. नापसंती सांगणारे उरले ५ टक्के. पुढे ऑक्टोबर १९६२मध्ये याच केनेडींनी क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच युद्धाविना सोडवला. तेव्हाही पसंती वाढली, पण ती ८३पर्यंत पोहोचली नाही. त्यांच्या सबंध कारकिर्दीतला सर्वोच्च आकडा त्यांच्या सर्वात मोठ्या अपयशानंतरचा आहे.

या कोड्याला पहिलं शास्त्रशुद्ध उत्तर दिलं ते रोचेस्टर विद्यापीठातल्या जॉन म्यूलर यांनी, १९७०मध्ये. ट्रूमनपासून जॉन्सनपर्यंतच्या गॅलपच्या चाचण्या त्यांनी एकत्र केल्या आणि पसंती अचानक उसळी कधी मारते ते शोधलं. घटना देशाबाहेरची हवी, अमेरिका आणि विशेषतः राष्ट्राध्यक्ष तिच्यात थेट गुंतलेले हवेत, आणि ती ठळक, नाट्यमय, अमुक दिवशी घडली असं बोट ठेवून सांगता येईल अशी हवी. अशा वेळी लोक झेंड्याभोवती गोळा होतात, असं म्यूलर म्हणाले, आणि अभ्यासकांमध्ये तेच नाव रूढ झालं. घटना यशाची की अपयशाची, याला त्यांनी महत्त्व दिलं नाही. संकट आलं की माणूस देशाच्या बाजूने उभा राहतो, आणि त्या क्षणी देश म्हणजे राष्ट्राध्यक्ष.

उत्तर सुबक आहे. बरीच वर्षं मलाही तेवढं पुरेसं वाटत होतं. पण मग १९६८ समोर येतं. २३ जानेवारीला उत्तर कोरियाने ‘प्युब्लो’ हे अमेरिकेचं टेहळणी जहाज पकडलं. एक खलाशी मारला गेला, ८२ जणांना कैद झाली आणि ते अकरा महिने सुटले नाहीत. आठवड्याभरातच व्हिएतनाममध्ये कम्युनिस्ट फौजांचा ‘टेट’ या नावाने ओळखला जाणारा मोठा हल्ला झाला. म्यूलर यांच्या तिन्ही अटी पुऱ्या होतात. तरी जॉन्सन यांची पसंती जानेवारीच्या सुरुवातीच्या ४८ टक्क्यांवरून मार्चमध्ये ३६वर आली. झेंडा तोच होता, लोकही तेच होते, मग गोळा कोणीच का झालं नाही?

इथे मला स्टॅनफर्डच्या रिचर्ड ब्रॉडी यांचं म्हणणं मोलाचं वाटतं. ते म्हणाले, लोकांच्या मनाचा ठाव घेण्याआधी त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं काढून बघा. दूरदेशी काय घडलं हे ओहायोतल्या शेतकऱ्याला किंवा ब्रुकलिनच्या दुकानदाराला स्वतःच्या अनुभवातून कळत नाही. त्याला बातमीवर अवलंबून राहावं लागतं, आणि बातमीत वॉशिंग्टनची मंडळी काय म्हणतात ते येतं. संकटाच्या पहिल्या दिवसांत सगळी माहिती सरकारच्या हाती असते. विरोधी पक्षाचे नेते अशा वेळी गप्प बसतात किंवा पाठिंबा जाहीर करतात. टीका कानावरच पडत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं, एरवी यांच्यावर तुटून पडणारे लोकही आज सोबत आहेत, म्हणजे काम बरं चाललं असणार. विरोधक बोलायला लागले की उसळी ओसरते. ते पहिल्या दिवसापासून बोलत असतील तर ती येतच नाही.

आता या नजरेने एप्रिल १९६१चा तो आठवडा पुन्हा पाहा. २० तारखेला केनेडींनी निक्सन यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पाच महिन्यांपूर्वीच ज्यांना अगदी निसटत्या मताधिक्याने हरवलं होतं ते निक्सन. २१ तारखेला पत्रकारांसमोर सरकारचा प्रमुख म्हणून जबाबदारी आपल्या अंगावर घेतली. २२ला आयझेनहॉवर यांना कॅम्प डेव्हिडला बोलावून त्यांच्याशी सल्लामसलत केली. बाहेर आल्यावर आयझेनहॉवर यांनी, परराष्ट्र धोरणाचा भार ज्याच्या शिरावर आहे त्याच्या पाठीशी देशाने उभं राहावं, असा अभिप्राय दिला. त्या दिवशी पॉल व्हॅथिस या छायाचित्रकाराने टिपलेलं चित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल: पायवाटेवरून माना खाली घालून चाललेले आजी आणि माजी राष्ट्राध्यक्ष, दोघेही पाठमोरे. त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. माझ्या मते ८३ टक्क्यांचं निम्मं स्पष्टीकरण त्या एका चित्रात आहे. रिपब्लिकन मतदाराला आपला सेनानी आयझेनहॉवर या तरुण डेमोक्रॅटच्या शेजारून चालताना दिसला.

विरोधकांना बोलणं अवघड होतं याचं आणखी एक कारण होतं. क्यूबन निर्वासितांना हाताशी धरण्याच्या योजनेला मंजुरी दिली होती आयझेनहॉवर यांनीच, मार्च १९६०मध्ये. निक्सन त्या वेळी उपाध्यक्ष होते. केनेडींवर तोफ डागायची तर ती आपल्याच घरावर पडणार होती.

जॉन्सन यांना हे भाग्य लाभलं नाही. त्यांच्याच पक्षाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी नोव्हेंबर १९६७पासून युद्धविरोधाच्या मुद्द्यावर त्यांच्या विरोधात उभे होते. १२ मार्च १९६८ला न्यू हॅम्पशरमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी ४२ टक्के मतं घेतली. सीबीएसचे वॉल्टर क्रॉन्काइट हे त्या काळी घराघरात विश्वासाचं नाव होतं. ते स्वतः व्हिएतनामला जाऊन आले आणि २७ फेब्रुवारीला त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगून टाकलं की हे युद्ध कोंडीत अडकलं आहे. टीका सगळीकडून ऐकू येत होती. प्युब्लो आणि टेट या दोन्ही घटना त्या टीकेला पुरावा म्हणून जोडल्या गेल्या.

एक आक्षेप मात्र मला ब्रॉडींच्या विरोधात प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. नेते गप्प बसतात म्हणून लोक खूश होतात, की लोकांचा नूर ओळखून नेते गप्प बसतात? माझं उत्तर असं की पहिली उसळी बरीचशी लोकांची स्वतःची असते आणि ती किती दिवस टिकेल हे विरोधक ठरवतात. दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात पाहायच्या असतील तर कार्टर यांच्याकडे वळावं लागतं.

१९७९च्या शरद ऋतूत कार्टर यांची अवस्था वाईट होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गॅलपचा आकडा ३२ होता. त्यांच्याच पक्षातले एडवर्ड केनेडी, जॉन केनेडींचे धाकटे भाऊ, त्यांना आव्हान द्यायला सज्ज होते आणि चाचण्यांमध्ये खूप पुढे होते. ४ नोव्हेंबरला तेहरानमधल्या अमेरिकन दूतावासावर जमावाने कब्जा केला आणि साठाहून अधिक अमेरिकन ओलीस धरले. तिसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, केनेडींनी बॉस्टनमध्ये उमेदवारी जाहीर केली. पण देशाचं लक्ष तेहरानकडे होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला केनेडींनी एका मुलाखतीत इराणच्या पदच्युत शाहांच्या राजवटीवर कडक टीका केली. शाहांच्या काळातल्या छळाबद्दल ते म्हणाले त्यात बरंच तथ्य होतं. पण त्यांना स्वपक्षीयांनीही झोडपलं: आपली माणसं ओलीस असताना असं बोलायचं? इथे लोकांचा नूर आधी होता आणि बोलणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली. डिसेंबरच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, त्याचीही भर पडली. जानेवारीच्या अखेरीस कार्टर ५८वर होते आणि पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत आयोवात त्यांनी केनेडींना जवळपास दोनास एक अशा फरकाने हरवलं होतं. बहुतेक ओलीस अजून कैदेतच होते, महागाई होती तिथेच होती. प्रचाराला बाहेर न पडता कार्टर व्हाइट हाउसमध्ये बसून राहिले, एवढंच त्यांनी केलं.

मग दिवस लोटत गेले. एबीसी वाहिनीने रोज रात्री ओलिसांवर खास कार्यक्रम सुरू केला होता. क्रॉन्काइट (पुन्हा तेच!) आपल्या बातमीपत्राच्या शेवटी ओलिसांच्या कैदेचा कितवा दिवस आहे हे सांगू लागले. नोव्हेंबरात याच बातमीने लोकांना कार्टर यांच्याभोवती गोळा केलं होतं. मार्चनंतर तीच बातमी रोज रात्री त्यांच्या अपयशाची आठवण करून देऊ लागली. २४ एप्रिल १९८०ला ओलिसांच्या सुटकेची लष्करी मोहीम इराणच्या वाळवंटात फसली आणि आठ सैनिक मृत्युमुखी पडले. एकोणीस वर्षांपूर्वीच्या एप्रिलसारखीच फसलेली मोहीम, पण या वेळी आकडा जेमतेम हलला. परराष्ट्रमंत्री सायरस व्हॅन्स यांनी मोहिमेला विरोध म्हणून राजीनामा दिला. घरातलाच माणूस नापसंती सांगून बाहेर पडला होता. उन्हाळ्यात कार्टर पुन्हा तिशीच्या आसपास आले. मतदान झालं ४ नोव्हेंबर १९८०ला, ओलीसप्रकरणाला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, आणि रेगन यांनी ४४ राज्यं जिंकली. ४४४ दिवसांनी ओलीस सुटले ते रेगन यांचा शपथविधी झाल्यावर काही मिनिटांत.

दोन्ही बुश यांची उदाहरणं तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. थोरल्या बुश यांना आखाती युद्ध संपताना ८९ टक्के पसंती होती. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती २९वर आली, कारण तोवर लोक त्यांना नोकऱ्यांच्या मोजपट्टीवर मोजू लागले होते. धाकट्या बुश यांची १० सप्टेंबर २००१ला संपलेल्या चाचणीतली पसंती ५१ होती आणि त्याच महिन्याच्या २१-२२ तारखेला ९०. गॅलपच्या नोंदींतला हा आजवरचा सर्वोच्च आकडा आहे. यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की रिपब्लिकन मतदार आधीपासूनच बुश यांच्या बाजूने होते. वाढ झाली ती डेमोक्रॅटांमुळे. पसंतीची उसळी बहुतांशी समोरच्या पक्षाच्या लोकांमधून येते. आपल्या लोकांकडून मिळवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

म्हणूनच अशा उसळ्या आता जवळपास दिसेनाशा झाल्या आहेत. आयझेनहॉवर यांच्या काळात सरासरीने निम्मे डेमोक्रॅट त्यांच्या कामावर समाधानी असत. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत हे प्रमाण सरासरीने दहा टक्क्यांच्याही खाली होतं. २०११मध्ये ओसामा बिन लादेन मारला गेला तेव्हा ओबामांची पसंती ४६वरून ५२ झाली, बस. २०१९मध्ये ‘इस्लामिक स्टेट’चा म्होरक्या बगदादी मारला गेला, ट्रम्प यांचा आकडा जागेवरून हलला नाही. मार्च २०२०मध्ये करोनाच्या साथीत अनेक देशांच्या प्रमुखांची लोकप्रियता झपाट्याने वाढली. ट्रम्प ४९वर पोहोचले आणि तिथून खाली आले. टीका करणारा आवाज आता कुठल्याच आठवड्यात थांबत नाही, आणि ज्याला तो ऐकायचा आहे त्याच्यापर्यंत तो चोवीस तास पोहोचतो. त्यात भर म्हणजे दोन्ही पक्षांचे लोक वेगवेगळ्या वाहिन्यांवरच्या वेगवेगळ्या बातम्या ऐकतात. आयझेनहॉवर आणि केनेडी यांच्या त्या चित्राचं आज काय होईल याचा विचार करतो तेव्हा मला वाईट वाटतं. निम्म्या देशाला ते दिसेल, पण त्याचा अर्थ शरणागती असा लावला जाईल.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: १९६१च्या एप्रिलमध्ये लोकांनी केनेडींच्या मोहिमेला गुण दिले नाहीत. संकटात देशाच्या प्रमुखाला साथ द्यावी ही त्यांची स्वतःची भावना होती, आणि त्या भावनेला खोटं ठरवणारा एकही वजनदार आवाज त्या आठवड्यात उठला नाही. पुढच्या वेळी एखाद्या राष्ट्राध्यक्षाचा आकडा असा उडी मारताना दिसला, तर त्याचं भाषण वाचण्याआधी विरोधी नेत्याने त्या दिवसांत काय म्हटलं ते शोधून वाचा.

महागाई पुढच्या शनिवारी नक्की. १९८२च्या अखेरीस अमेरिकेतली बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली होती, जानेवारी १९८३मध्ये रेगन यांची पसंती ३५ होती, आणि १९८४च्या नोव्हेंबरात त्यांनी ५०पैकी ४९ राज्यं जिंकली. सुरुवात तिथून करू.