अब्जावधी अणूंची एकच थरथर

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे, राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत एक ढोल आहे. व्यास १५ मायक्रोमीटर, जाडी १०० नॅनोमीटर, कातड्याच्या जागी ॲल्युमिनियमचा पडदा. सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा तो थरथरतो. २०११ साली जॉन टॉयफेल आणि सहकाऱ्यांनी तो जवळजवळ गप्प केला. पूर्ण गप्प नाही. तेवढी मुभा पुंजभौतिकी कुणालाच देत नाही.

नुसत्या थंडीनं हे साधत नाही. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या पन्नासाव्या भागापर्यंत पोचलं, तरी ढोलात उष्णतेचे काही डझन कंपनपुंज, म्हणजे कंपनाच्या ऊर्जेचे सर्वात लहान हप्ते, उरतातच. पण इतक्या थंडीत ॲल्युमिनियम अतिसंवाहक झालेलं असतं, आणि ढोल ज्याचा भाग आहे त्या विद्युतमंडलात मायक्रोवेव्ह लहर फारशी न विरता घुमत राहते. आता गंमत पाहा. मंडलाला हवी त्याहून मुद्दाम थोडी कमी वारंवारतेची लहर सोडायची. कमी किती, तर ढोलाच्या वारंवारतेइतकी. आत शिरायला ऊर्जा कमी पडते, ती लहर ढोलाकडून घेते. असा एकेक कंपनपुंज बाहेर जातो.

हाच व्यवहार उलटही चालतो! २०१३ मध्ये बोल्डरच्याच शास्त्रज्ञांनी वाहत्या मायक्रोवेव्ह लहरीतला संदेश ढोलाच्या थरथरीत उतरवला आणि काही काळानं परत काढून घेतला. क्वांटम माहितीची नक्कल करता येत नाही. ती अख्खीच्या अख्खी हवाली करावी लागते. इथे ती हवाली झाली सुमारे एक लाख कोटी अणूंच्या सामुदायिक हालचालीकडे. मला तरी यापुढे क्वांटम संगणकाच्या वेगाच्या बढाया फिक्या वाटतात.

संदेश असा थरथरीत उतरवायची गरज काय? अतिसंवाहक क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातली माहितीची एककं, मायक्रोवेव्हच्या भाषेत बोलतात. ५ गिगाहर्ट्झचा एकटा फोटॉन खोलीच्या तापमानात आला, की उष्णतेतून उपजलेले हजारभर फोटॉन त्याला गिळतात. प्रकाशतंतूतल्या प्रकाशाची वारंवारता याच्या हजारो पट. त्याला ही भीती नाही. दोघांमध्ये दुभाषा हवा, आणि थरथरणारी वस्तू दोघांशीही जुळवून घेते. २०२० मध्ये कॅलटेकमधल्या ऑस्कर पेंटर यांच्या गटानं क्यूबिटची उत्तेजना अशाच कंपनामार्गे प्रकाशाच्या फोटॉनपर्यंत पोचवली. बहुतेक प्रयत्न मात्र वाया गेले. दूरदूरचे क्वांटम संगणक जोडायचे, तर आधी ही गळती थांबवावी लागेल.