विश्लेषण : विमा कंपनीतला संगीतकार! चार्ल्स आइव्ह्‌ज यांना दाद मिळायला ४० वर्षे का लागली?

दिवसा विम्याचा व्यवसाय आणि रात्री, सुटीच्या दिवशी संगीतरचना. अमेरिकी अभिजात संगीताला स्वतःचा आवाज देणारे चार्ल्स आइव्ह्‌ज अनेक वर्षे असेच जगले. त्यांच्या बहुतेक मोठ्या रचना लोकांनी ऐकल्या, तोवर त्यांचे लेखन थांबले होते.

जडणघडण कशी झाली?

आइव्ह्‌ज यांचा जन्म २० ऑक्टोबर १८७४ रोजी कनेटिकटमधील डॅनबरी येथे झाला. वडील जॉर्ज हे अमेरिकी यादवी युद्धात बँडमास्तर होते. ते मुलाला एका पट्टीत गायला लावत आणि साथ मात्र दुसऱ्याच पट्टीत करत. कान तयार व्हावा, हा हेतू. चौदाव्या वर्षी चार्ल्स चर्चमध्ये पगारी ऑर्गनवादक झाले. पुढे येल विद्यापीठात त्यांनी होरेशियो पार्कर यांच्याकडे रीतसर शिक्षण घेतले आणि १८९८ मध्ये पदवी मिळवली.

मग विमा क्षेत्र का?

आपल्या कर्णकटू सुरांपायी बायको-मुलांनी उपाशी का राहावे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. लोकांना आवडेल तेच लिहायचे नसेल, तर पोट संगीतावर अवलंबून ठेवून चालणार नाही, हे त्यांनी ओळखले. ज्युलियन मायरिक यांच्यासोबत त्यांनी उभी केलेली एजन्सी न्यूयॉर्कमधील मोठ्या विमा एजन्सींपैकी एक ठरली. कुटुंबाला नेमक्या किती रकमेचा विमा हवा, याचा हिशेब मांडणारी त्यांची पुस्तिका विमा एजंटांमध्ये गाजली.

संगीतात वेगळे काय?

दोन बँड वेगवेगळ्या धून वाजवत समोरासमोर आले, तर जो कल्लोळ होईल, तो त्यांनी थेट ऑर्केस्ट्रात आणला. एकाच वेळी दोन पट्ट्या, दोन लयी आणि मधूनच डोकावणारी ओळखीची भजने, लोकगीते. ‘द अनआन्सर्ड क्वेश्चन’मध्ये तंतुवाद्ये संथ, शांत वाजत राहतात. ट्रम्पेट तोच प्रश्न सात वेळा विचारतो. बासऱ्या उत्तर देऊ पाहतात, चिडतात, अखेर गप्प होतात. शेवटचा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

किंमत काय मोजावी लागली?

१९१८ मध्ये त्यांची प्रकृती गंभीररीत्या बिघडली. त्यानंतर ‘कॉन्कॉर्ड सोनाटा’ आणि ११४ गाण्यांचा संग्रह त्यांनी स्वखर्चाने छापून फुकट वाटला. प्रतिसाद थंड होता. १९२७ च्या सुमारास, आता काहीच मनासारखे उमटत नाही, असे पत्नी हार्मनी यांना सांगून त्यांनी नवे लेखन थांबवले.

दाद कधी मिळाली?

१९३९ मध्ये जॉन कर्कपॅट्रिक यांनी न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये ‘कॉन्कॉर्ड सोनाटा’ वाजवला आणि चित्र पालटू लागले. तिसरी सिम्फनी लिहून सुमारे चार दशके उलटल्यावर, १९४६ मध्ये, लू हॅरिसन यांनी ती प्रथम सादर केली. तिला १९४७ चा पुलित्झर मिळाला. बक्षिसाची निम्मी रक्कम आइव्ह्‌ज यांनी हॅरिसन यांना दिली. १९५१ मध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी दुसरी सिम्फनी सादर केली. आइव्ह्‌ज सभागृहात गेले नाहीत, त्यांनी ती रेडिओवर ऐकली.

१९ मे १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची चौथी सिम्फनी मात्र संपूर्ण स्वरूपात प्रथम वाजली ती १९६५ मध्ये. ती ऐकायला आइव्ह्‌ज नव्हते.