कलात्मक जिम्नॅस्टिक्समधील नवकौशल्ये : श्रेय आणि जोखीम

मल्लखांबातील फिरकी, सुईदोरा, वेल ही नावे क्रियेच्या रूपावरून पडली आहेत. कलात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्य स्पर्धेत नवे कौशल्य प्रथम यशस्वीपणे करणाऱ्या खेळाडूचे नाव त्यास दिले जाते.

रशियाच्या येलेना प्रोडुनोव्हाच्या नावाचा व्हॉल्ट हे त्याचे ठळक उदाहरण होय. यात टेबलावर हात टेकून उसळी घेतल्यावर हवेत पुढे दोन कोलांट्या पूर्ण कराव्या लागतात. फिरकत कमी पडल्यास मान व कण्यास गंभीर इजा संभवते. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्रिपुराच्या दीपा कर्माकरला त्यासाठी काठिण्याचे ७.० व सादरीकरणाचे ८.२६६ गुण मिळाले. दोन व्हॉल्टच्या सरासरीत तिचे कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले.

काठिण्यास अधिक मूल्य दिल्यास अपुऱ्या तयारीचे खेळाडूही धोका पत्करतात. कमी दिल्यास नवनिर्मितीचा उत्साह मावळतो. २०१९ मध्ये सिमोन बाइल्सच्या बीमवरील नव्या उतरणीस अपेक्षेपेक्षा कमी मूल्य देताना महासंघाने सुरक्षिततेचेच कारण दिले होते.

जामनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांनी यातून एक क्रम ध्यानी घ्यावा : प्रथम फोमचा खड्डा व जाड मॅट, नंतर मूलभूत उडीवर प्रभुत्व आणि शेवटी नवे कौशल्य. साधने नसताना केलेले धाडस प्रशिक्षणात मोडत नाही.